चाचणी संपल्यावर पुढे काय?

"तुम्हां कॉमर्सवाल्यांना जिथे तिथे रोक्कच दिसतो," असे माझा एक सायन्सचा मित्र परवा कँटीनमध्ये मला म्हणाला. तो कन्नड विभागातला. त्याचा 'रोक्क' आणि आमची 'रोकड' ही एकाच घरची भावंडे असावीत. पण मुद्दा तो नव्हे. बोलणे चालले होते मेंदूत बसवायच्या यंत्राविषयी, आणि मी फक्त एवढेच विचारले होते की, ते बिघडल्यास दुरुस्ती कोणाकडे?

यंत्राची करामत मला मान्य आहे. मानेजवळ मज्जारज्जूला इजा झाली की हातपाय लुळे पडतात; पण मेंदू हुकूम सोडायचा थांबत नाही. तार तुटलेली, तारमास्तर मात्र जागेवर! मेंदूच्या त्या भागात बारीक इलेक्ट्रोड बसवून त्याचे संदेश टिपायचे आणि संगणकाने त्यांचा अर्थ लावायचा, अशी ही युक्ती. 2004 साली अमेरिकेत मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूत असे यंत्र बसवले. चाकूहल्ल्यात त्याचे सर्वांग लुळे पडले होते. नुसत्या विचाराने तो पडद्यावरचा बाण हलवू लागला, टीव्हीचे चॅनेल बदलू लागला. 2014 साली ओहायोत इयन बर्कहार्ट याच्यावर प्रयोग झाला, तेव्हा मेंदूतले संदेश थेट त्याच्याच हाताच्या स्नायूंना पोचवले गेले आणि त्याने आपल्या हाताने बाटली उचलली. समुद्रात सूर मारताना मान मोडलेल्या माणसाला हे काय वाटले असेल!

आता पुढचा भाग. बर्कहार्टचे हे सामर्थ्य प्रयोगशाळेपुरतेच होते. घरी गेला की हात पुन्हा तसाच. 2021 मध्ये संसर्गामुळे ते यंत्र काढावे लागले. नेगलचेही साधारण वर्षभराने काढले होते. यात फसवणूक कोणाची नाही. चाचणी मुदतीचीच असते, आणि सही करणाऱ्याला ते सांगितलेले असते. पण चाचणी म्हणजे यंत्राची, माणसाची नव्हे. मुदत संपते ती यंत्राची. माणूस तिथेच असतो.

माझ्या आजोबांचे कानाचे यंत्र बिघडले तेव्हा ज्या दुकानातून घेतले त्या दुकानदाराने सांगितले, "ती कंपनीच आता नाही, सुटे भाग मिळणार नाहीत." आजोबांनी ते यंत्र रुमालात बांधून कपाटात ठेवले आणि पुढे ते घरात फारसे बोलेनासे झाले. कानातले यंत्र निदान काढून ठेवता येते.

ऑस्ट्रेलियातील रीटा लेगेट या बाईंची हकीकत याहून कठीण आहे. त्यांचा आजार अपस्माराचा. 2010 साली मेंदूवर बसवलेले यंत्र झटका येण्याआधी त्यांना सूचना देई. आयुष्यात प्रथमच त्या निर्धास्तपणे घराबाहेर पडू लागल्या. 2013 मध्ये कंपनीचा पैसा संपला. यंत्र ठेवण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी घर गहाण टाकायचीही तयारी दाखवली. तरीही ते काढलेच. अंधांसाठी आर्गस नावाचा कृत्रिम डोळा निघाला होता, तो जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांना बसवला गेला. 2020 च्या सुमारास ती कंपनी डबघाईला आली आणि यंत्रे डोळ्यांतच राहिली, दुरुस्तीवाचून.

आम्हांला अकौंटन्सीच्या तासाला शिकवतात की, पंखा विकून दोन वर्षांची हमी दिली, तर दुरुस्तीचा अंदाजे खर्च विक्रीच्या सालीच हिशेबात धरावा लागतो. याला तरतूद म्हणतात. पंख्याला जी तरतूद लागते ती माणसाच्या डोक्याला नको? गंमत अशी की जागतिक वैद्यकीय संघाच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात हाच शब्द आहे. चाचणीत गुणकारी ठरलेला उपाय ज्याला पुढेही लागणार, त्याची तरतूद चाचणी सुरू होण्याआधी करावी, असे तो सांगतो. मात्र जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे, आणि पैसे कुठल्या खात्यात ठेवायचे ते तो सांगत नाही.

माझे म्हणणे असे की, पहिली शस्त्रक्रिया होण्याआधीच काही वर्षांच्या देखभालीची आणि यंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेची रक्कम कंपनीने वेगळी काढावी. ती कंपनीच्या नव्हे, त्रयस्थाच्या ताब्यात असावी. म्हणजे दिवाळे निघाले तरी सावकारांना तिला हात लावता येणार नाही. यंत्राचे नकाशे आणि प्रोग्रॅमही तसेच अनामत ठेवावेत. जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक कंपनीने नोलंड आर्बो याला यंत्र बसवले. काही आठवड्यांतच त्यातले बरेचसे तंतू मेंदूतून मागे सरकले. प्रोग्रॅम बदलून इंजिनियरांनी काम पुन्हा सुरू केले. त्यांचे पगार चालू होते, म्हणून हे जमले.

मित्राचा आक्षेप बिनतोड नसला तरी हलका नाही. अशी अट घातली तर लहान कंपन्या आणि विद्यापीठे चाचणीच करणार नाहीत, आणि अंथरुणाला खिळलेल्यांची आशा लांबेल, असे तो म्हणतो. काही चाचण्या लांबतील हे मी कबूल करतो. पण आज जी चाचणी स्वस्त दिसते, तिचा उरलेला खर्च कोणीतरी सोसतोच. रीटाबाई घर गहाण टाकायला निघाल्या होत्या. तो आकडा ताळेबंदात दिसत नाही, इतकेच.

त्याला हे पटलेले नाही. पुढच्या अंकात कन्नड विभागात उत्तर लिहितो म्हणाला आहे.