लोकर आहे, पण गिऱ्हाईक कुठे? चाकण पट्ट्यातील मेंढपाळांसाठी बाजाराचा हिशेब

शनिवारी चाकणच्या बाजारात गेलात, तर कांदा-बटाट्याचा उघड लिलाव दिसतो. शेळ्या-मेंढ्यांचे सौदेही डोळ्यांसमोर होतात. मेंढीच्या मांसाला भाव आहे, बोकडाला आहे, लेंडीखतालाही आहे. पण त्याच मेंढीच्या अंगावरच्या लोकरीचा भाव विचारला, तर नेमके उत्तर मिळत नाही. लोकरीचा लिलाव तिथे होत नाही. वाड्यावर येणारा फिरता व्यापारी सांगेल तोच भाव. तो आला नाही तर लोकर बांधावर पडून राहते.

पारनेर, शिरूर, संगमनेर भागातले अनेक मेंढपाळ पावसाळा संपला की कळप घेऊन पश्चिमेकडे निघतात. खेड, चाकण, मावळ हा त्यांच्या वाटेवरचा भाग. एमआयडीसीचे टप्पे वाढले, गायरान आणि पडीक रान कमी झाले, महामार्ग ओलांडणे अवघड झाले. चराईचा खर्च वाढत असताना मेंढीपासून मिळणारा प्रत्येक पैसा महत्त्वाचा ठरतो. म्हणून लोकरीचा प्रश्न नीट समजून घेऊ.

माल किती आहे?

२०२३-२४ मध्ये देशात सुमारे ३३७ लाख किलो लोकर निघाली. त्यातली जवळपास निम्मी एकट्या राजस्थानची. महाराष्ट्राचा वाटा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सुमारे १६ लाख किलो. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. भागाकार केला तर एका मेंढीमागे वर्षाला सरासरी ६०० ग्रॅमही लोकर पडत नाही. वर्षातून दोन कातरण्या धरल्या तर एका वेळी साधारण ३०० ग्रॅम.

आपली दख्खनी मेंढी चिवट आहे. लांब चालते, कमी चाऱ्यावर टिकते. पण तिची लोकर जाड, भरड आणि बहुतेक काळी असते. स्वेटर-शालीच्या मऊ कापडासाठी ती चालत नाही, आणि काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही. तिचा खरा उपयोग घोंगडी, जेन आणि नमदा यांसाठी.

मागणी का आटली?

पहिले कारण घोंगडी. शेतात, पावसात, अंथरूण म्हणून घोंगडी घरोघरी लागायची. सनगर विणकर लोकर घेत, कधी लोकरीच्या बदल्यात घोंगडी देत. आज स्वस्त कृत्रिम धाग्याची ब्लँकेट गावच्या बाजारात मिळतात. मागावर बसणारे हातही कमी झाले. विणकर थांबला की लोकरीचे सगळ्यात जवळचे गिऱ्हाईक गेले.

दुसरे कारण आपण स्वतःच निवडलेला मार्ग. मांसाला भाव मिळू लागल्यावर मेंढपाळांनी वजनदार मेंढ्यांकडे वळणे साहजिक होते. जत भागातली माडग्याळ मेंढी याच कारणासाठी पसरली. तिला वजन चांगले, लोकर अगदी कमी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी विकसित केली, तीही जास्त कोकरे आणि जास्त मांस यासाठी. हा निर्णय चुकीचा नाही. पण लोकर आता मुख्य उत्पन्न नाही, हे मान्य करूनच पुढचा हिशेब मांडावा लागेल.

तिसरे कारण मिसळलेला माल. काळी, पांढरी, करडी लोकर एकाच पोत्यात, त्यात काटे, लेंड्या आणि माती. असा माल घेणारा व्यापारी सगळ्याचा भाव सगळ्यात वाईट लोकरीवरून ठरवतो.

जगातल्या केसाळ कातडीच्या बाजाराचा धडा

अंगावरच्या केसांचा बाजार कसा कोसळतो, याचे मोठे उदाहरण परदेशात घडले आहे. कॅनडात रानटी जनावरे सापळ्यात पकडून त्यांची केसाळ कातडी लिलावात विकणारे लोक आहेत. त्यांचा माल खपवणारे नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स हे मोठे लिलावघर २०१९ मध्ये कर्जात अडकले आणि न्यायालयाच्या संरक्षणाखाली गेले. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये कोरोनामुळे पाळीव मिंक मारून टाकावे लागले आणि कोपनहेगन फर या जगातल्या सर्वांत मोठ्या लिलावघराने कामकाज गुंडाळण्याचे जाहीर केले. कॅनडातल्या कोल्ह्यासारख्या कायोटी या प्राण्याच्या कातडीला काही वर्षे चांगली मागणी होती, कारण महागड्या जाकिटांच्या टोपीला तिची झालर लावत. २०२१ मध्ये कॅनडा गूज कंपनीने अशी झालर बंद करण्याचे जाहीर केले आणि एक मोठे गिऱ्हाईक गेले.

कातडी तीच होती, पकडणाऱ्याचे कसबही तेच होते. बदलला तो विकत घेणारा. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर आणि एकाच विक्रीच्या वाटेवर विसंबून राहिलेला उत्पादक असा एका हंगामात उघडा पडतो. घोंगडीवर विसंबलेल्या आपल्या लोकरीचे तेच झाले, फक्त हळूहळू.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे रानटी प्राण्यांचे केस किंवा कातडी विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. रंगकामाच्या ब्रशसाठी मुंगसाचे केस विकले जातात. त्याविरुद्ध २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे पडले. तुमच्या शेतात कोणी मुंगूस धरायला आले तर जवळच्या वनविभागाला कळवा. मुंगूस उंदीर आणि साप खातो. तो गेला तर नुकसान तुमच्या पिकाचे.

कातरणीचा हिशेब असा मांडा

एक साधे सूत्र लक्षात ठेवा. एका मेंढीच्या कातरणीचा खर्च भागिले एका कातरणीत मिळणारी लोकर. येईल तो तुमचा तोटा न होण्याचा भाव.

उदाहरण म्हणून समजा, कातरणीला मेंढीमागे १५ रुपये लागले आणि ३०० ग्रॅम लोकर मिळाली. तर किलोला ५० रुपये मिळाले तरच खर्च भरून निघेल. व्यापाऱ्याने १० रुपये किलो दिले, तर १०० मेंढ्यांवर खर्च १,५०० रुपये आणि लोकरीचे फक्त ३०० रुपये. १,२०० रुपये खिशातून. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. तुमच्या वाड्याचे आकडे टाकून पाहा.

तोटा दिसला म्हणून कातरणी टाळू नका. लोकर वाढलेल्या मेंढीला उन्हाचा त्रास होतो, गोचीड आणि उवा लपून राहतात, जखमा दिसत नाहीत. कातरणी हा मेंढीच्या आरोग्याचा खर्च आहे. लोकर विकून त्यातला किती भाग परत मिळतो, एवढाच प्रश्न विचारा.

काय करता येईल?

१. कातरणीआधी दोन-तीन दिवस मेंढ्या स्वच्छ पाण्यात धुवा आणि अंग पूर्ण वाळू द्या. कातरणी मातीवर नको, ताडपत्रीवर करा.

२. काळी, पांढरी, करडी लोकर वेगळी ठेवा. पोट, पाय आणि शेपटीकडची घाण लोकर वेगळ्या पोत्यात भरा. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, कधीही मिसळू नका. मऊ घोंगडीसाठी विणकर तीच शोधतात.

३. कोरडी लोकर गोणपाटाच्या पोत्यात, जमिनीपासून उंच ठेवा. ओली लोकर प्लास्टिकमध्ये बांधली तर कुजते.

४. एकट्याने विकू नका. वर्षाला मेंढीमागे अर्धा किलो विक्रीयोग्य लोकर धरली, तर पाच टनांचा एक ट्रक भरायला १०,००० मेंढ्या लागतात. म्हणजे शंभर-शंभर मेंढ्यांचे १०० वाडे एकत्र यायला हवेत. हे काम मेंढपाळांची सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनीच करू शकते. पुण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाशी गटाने मिळून संपर्क करावा.

५. न विकली जाणारी लोकर शेतात वापरा. लोकर हे मुख्यतः केराटिन आहे. शुद्ध केराटिनात सुमारे १६ टक्के नत्र आणि काही प्रमाणात गंधक असते. ती पाणी धरून ठेवते आणि सावकाश, काही महिन्यांत कुजते. शेणाबरोबर थर देऊन खड्ड्यात कुजवा किंवा भाजीपाल्याच्या, फळझाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरा. आधी एकाच ओळीत करून पाहा. गोचीडनाशकात नुकत्याच बुडवलेल्या मेंढीची लोकर भाजीपाल्याला घालू नका. शेतात मेंढ्या बसवण्याचा करार करताना ही लोकरही बोलणीत घ्या.

कारखान्यांकडून आशा किती?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये गाड्या बनतात. गाडीत आवाज आणि उष्णता अडवायला नमद्यासारखे थर लागतात. लोकर हे काम करू शकते, ती आगही लवकर धरत नाही. म्हणून 'कारखाना शेजारी आहे, लोकर तिथे द्या' असे कोणी सुचवेल. पण कारखाना ठरलेल्या मापाचा, एकसारख्या गुणाचा माल दर महिन्याला मागतो. कसर लागणार नाही, वास येणार नाही, याची चाचणी मागतो. वर्षातून दोनदा निघणारी मिसळलेली लोकर त्या दारात उभी राहू शकत नाही. मध्ये धुणारा, पिंजणारा आणि नमदा करणारा उद्योग हवा. लेखी मागणी हातात येईपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून त्यासाठी यंत्र घेऊ नका.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. येत्या कातरणीला तुमच्या भागातल्या दहा वाड्यांवर चार आकडे लिहून घ्या: मेंढ्या किती, लोकर किती किलो, कातरणीचा खर्च किती, भाव काय मिळाला. कांद्याचा भाव रोज फळ्यावर लागतो म्हणून शेतकरी त्यावर बोलू शकतो. लोकरीचा भाव लिहिलाच जात नाही. तो लिहिला गेला की मेंढपाळाला व्यापाऱ्यासमोर काहीतरी हातात धरून बोलता येईल.