नव्या सिस्टरला ड्युटीच्या तक्त्यात मोजू नका

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारी रुग्णालयांतल्या रिक्त पदांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. तेव्हापासून चर्चा फिरते ती 'किती पदे भरली' याभोवती. भरलेल्या पदावरची सिस्टर किंवा ब्रदर अपघात विभागात उभे राहण्यास कितपत तयार आहेत, हे कोणी विचारत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला तरी हा प्रश्न टाळता येणार नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोलीचे गंभीर रुग्ण 'घाटीला न्या' एवढ्या एका वाक्यावर इथे येतात.

तयारी म्हणजे काय, ते पाहा. खरिपात सर्पदंशाचा रुग्ण आला की दोन मिली रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे नळी हलवायची नाही आणि मग एकदाच तिरकी करून रक्त गोठले का ते पाहायचे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो आणि गरज नसताना प्रतिविष दिले जाऊ शकते. कीटकनाशक प्यायलेल्याला अॅट्रोपिन चालू असताना बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून समाधान मानायचे नसते. छातीतली घरघर थांबली का, हे ऐकायचे असते. डॉक्टर पुढच्या स्ट्रेचरकडे गेलेले असतात, हे सिस्टरलाच पाहावे लागते. जीएनएम पदविकेची तीन वर्षे किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे हे शिकवतात. पण गर्दीत, नातेवाइकांच्या आरडाओरडीत ते हातून बिनचूक होणे वेगळे. परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्येच मांडले होते की एका वॉर्डात मुरलेली परिचारिकाही अनोळखी विभागात पुन्हा नवखीच असते. म्हणजे मेडिसिन वॉर्डातून बदलून आलेल्या ज्येष्ठ सिस्टरलाही नव्यांसारखाच शिकायला वेळ हवा.

म्हणून मागणी साधी आहे: पहिले तीन महिने नवख्याला तक्त्यात मोजू नये, एका ठरलेल्या ज्येष्ठ परिचारिकेसोबतच ठेवावे आणि एकेक कौशल्य प्रत्यक्ष पाहून तिने सही केल्यावरच एकटे सोडावे. माणसेच नाहीत तर जोडीला कोण देणार, हा आक्षेप खोटा नाही. पण आजही ज्येष्ठ सिस्टर आपले काम सोडून नव्यांच्या चुका निस्तरतच असतात, फक्त त्याची नोंद होत नाही. इंटर्नशिप झालेली असते ना, असेही म्हणतात. पण त्यात विद्यार्थिनी वॉर्डावॉर्डांतून फिरते, एका विभागाची जबाबदारी तिच्यावर नसते. बदलीने शिकवलेले वाया जाते, हा आक्षेप सर्वांत वजनदार. त्यावर उपाय म्हणजे प्रशिक्षणानंतर किमान दोन वर्षे बदली नको. भारतीय परिचर्या परिषदेची आपत्कालीन परिचर्येतली एक वर्षाची पदविका आहेच, ती करणाऱ्यांना याच विभागात नेमावे आणि शिकवण्याच्या कामाचा वेगळा भत्ता द्यावा. वैद्यकीय शिक्षण विभागाने पुढच्या भरतीच्या आदेशातच हे तीन महिने लिहून टाकावेत.