उंबरठ्याबाहेरची तार

भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगमाने ही सेवा आधी महानगरांत सुरू केली. २०२५मध्ये त्याला तीस वर्षे पुरी झाली. सुरुवातीला इंटरनेट हे संशोधकांचे, निर्यातदारांचे आणि मोठ्या कचेऱ्यांचे साधन होते. आज धान विकायचे असो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो की सातबारा काढायचा असो, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या शेतकऱ्याचेही त्याच्यावाचून चालत नाही. मात्र इंटरनेट हातात असणे वेगळे आणि घरात असणे वेगळे. हे अंतर कसे पडले, ते मिटवण्याचे सरकारी प्रयत्न कुठे अडखळले आणि आता काय व्हायला हवे, याचा हा आढावा.

पहिली दहा वर्षे टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवून जोडणी मिळवण्याची होती. जोडणी सुरू असेपर्यंत घरचा फोन व्यग्र राही आणि मिनिटागणिक बिल चढे. ज्या शहरात ही सेवा नव्हती, तिथल्या ग्राहकाला एसटीडीचा खर्च वेगळा पडे. १९९८मध्ये खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. घरगुती ब्रॉडबँडचा विचार धोरण म्हणून झाला तो ऑक्टोबर २००४मध्ये. त्या धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाच्या, सतत सुरू राहणाऱ्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले आणि तीन टप्पे ठरवले: २००५पर्यंत ३० लाख, २००७पर्यंत ९० लाख आणि २०१०पर्यंत दोन कोटी ग्राहक. २००५च्या आरंभी भारत संचार निगमाची ‘डेटावन’ सेवा आली, तालुक्याच्या गावांतही मोडेमचे दिवे लुकलुकू लागले. पण २०१० सरले तेव्हा देशातल्या जोडण्या एक कोटीच्या थोड्या वर होत्या. ठरलेल्या लक्ष्याचे जेमतेम अर्धे गाठले गेले.

या अपयशाचे मोठे कारण तांब्याच्या तारेत होते. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून आवाज आणि डेटा एकाच वेळी नेण्याचे तंत्र स्वस्त होते खरे, पण टेलिफोन केंद्रापासून घर जितके लांब तितका वेग कमी. तीन-चार किलोमीटरच्या पलीकडे तो पार ढासळतो. पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरले की लाईन बंद. खेड्यात लँडलाईनच मुळात थोड्या होत्या आणि मोबाईल आल्यावर त्याही लोकांनी परत केल्या. ज्या तारेवर ब्रॉडबँड उभे राहायचे होते, तीच गावातून निघून गेली.

ही पोकळी मोबाईलने भरली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि दरयुद्ध पेटले. सरकारी आकडेवारीनुसार २०१४मध्ये एका जीबीला सुमारे २६९ रुपये पडत. काही वर्षांत हा दर दहा रुपयांच्या आसपास आला. २०१४मध्ये देशात सुमारे सहा कोटी ब्रॉडबँड ग्राहक होते. २०२४च्या अखेरीस त्यांची संख्या ९४ कोटींच्या वर गेली. आकडा डोळे दिपवणारा आहे. त्यातले तारेने जोडलेले ग्राहक मात्र सव्वाचार कोटींहून कमी, म्हणजे शंभरांत चार-पाचच. २०११च्या जनगणनेत देशात २४ कोटींहून अधिक कुटुंबे मोजली गेली होती. त्या जुन्या संख्येशी ताडून पाहिले आणि कचेऱ्या-दुकानांतल्या जोडण्याही घरांच्या खात्यात धरल्या, तरी तार सहा घरांमागे एकाच घरात पोचलेली दिसते.

मोबाईल असताना तार कशाला, असे कोणी विचारील. मोबाईलचा मनोरा एका परिसरातल्या सगळ्या फोनना रेडिओलहरींच्या ठरावीक पट्ट्यातून सेवा देतो. संध्याकाळी सगळे गाव फोनला बसले की तोच पट्टा सर्वांत वाटला जातो आणि चित्र गोल फिरत राहते. मनोऱ्यापासून दूर, जाड भिंतींच्या घरात किंवा कौलांखाली रेंज आणखी क्षीण होते. काचतंतूत प्रकाशाच्या झोतांनी माहिती वाहते. गावोगाव वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत एका तंतूचे विजेविना चालणाऱ्या स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांसाठी फाटे काढतात आणि त्या सर्वांत मिळून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता असते. अंतर वीस किलोमीटरपर्यंत वाढले तरी वेगावर फारसा परिणाम होत नाही. महत्त्वाचे म्हणजे ही जोडणी कुटुंबाची असते. फोन घेऊन बाप शेतावर गेला, म्हणून मुलीचा अभ्यास थांबत नाही.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आकडे वेगळे सांगतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, २०१७-१८मध्ये, इंटरनेटची सोय असलेली घरे शहरांत ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १४.९ टक्के आढळली. संगणक असलेली ग्रामीण घरे ४.४ टक्केच होती. दोन वर्षांनी करोनाने शाळा बंद केल्या आणि वर्ग फोनवर आले, तेव्हा या टक्केवारीचा अर्थ खेड्यातल्या प्रत्येक घराला कळला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के, तर स्त्रिया ३३ टक्केच निघाल्या. घरातला एकमेव स्मार्टफोन कोणाच्या खिशात असतो, हे या दोन आकड्यांतून दिसते.

आंधळगावच्या संदर्भात या गरजेला दोन ठळक बाजू आहेत. पहिली कोशाची. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या कोषांपासून काढलेल्या टसरला इथे कोसा म्हणतात आणि आंधळगावचे हातमाग त्यासाठी ओळखले जातात. टसरच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पूर्वी विणकर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये सूत पुरवणारा आणि माल उचलणारा व्यापारी असे. आता मागावरच्या कापडाचे छायाचित्र थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला दाखवता येते, काठाचा रंग व्हिडिओ कॉलवर ठरवता येतो, पैसे यूपीआयने खात्यात येतात. पण त्यासाठी माहिती खाली उतरवण्याचा वेग पुरत नाही. वर चढवण्याचा वेगही तितकाच लागतो. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो, दुसऱ्याचा बहुधा उल्लेखच नसतो. घरात बसून विकणाऱ्या कारागिराला दुसरा अधिक मोलाचा.

दुसरी बाजू धानाची. आधारभूत खरेदी केंद्रावर धान द्यायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची ठरली. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी २०२३च्या आरंभापासून कामावरच छायाचित्र काढून ॲपमध्ये चढवावी लागते. रेशन दुकानात अंगठा, पेन्शनसाठी हयातीचा दाखला, योजनांसाठी ई-केवायसी. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे: सरकारने कागद बंद केला, पण त्याच्या जागी आलेली जोडणी पुरवण्याची जबाबदारी नागरिकावर सोडली. ‘सर्व्हर डाऊन’ आणि ‘लिंक नाही’ हे दोन शब्द खेड्यात आता ‘साहेब रजेवर आहेत’ या जुन्या उत्तराइतकेच ऐकू येतात. सेवा केंद्रासमोर रांगेत गेलेल्या दिवसाची मजुरी कोणी भरून देत नाही.

गावाला जोडण्याचे प्रयत्न महाराष्ट्राला नवे नाहीत. १९९८मध्ये कोल्हापूर-सांगली भागात वारणा सहकारी समूहाच्या परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावात बसून जगाचे ज्ञान मिळेल, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग उसाची नोंद, खताचा हिशेब आणि बिलाची चौकशी यांपुरता उरला. काही वर्षांनी संशोधकांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस लावून पाहिला, तर तेच काम कमी खर्चात झाले. वारणेचा धडा असा की लोक साधनाकडे रोजच्या कामासाठी येतात, आणि दुरुस्तीची व्यवस्था नसलेले साधन टिकत नाही.

देशपातळीवरचा मोठा प्रयत्न २०११मध्ये मंजूर झाला. अडीच लाख ग्रामपंचायती काचतंतूने जोडण्याची ही योजना पुढे ‘भारतनेट’ झाली. तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून २००२पासून गोळा झालेल्या सार्वत्रिक सेवा निधीतून, म्हणजे शेवटी प्रत्येक ग्राहकाच्या बिलातून आला. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती २०१७च्या अखेरीस जोडल्या गेल्याचे जाहीर झाले; पुढच्या टप्प्यात महाराष्ट्रात काही जिल्ह्यांचे काम राज्य सरकारने ‘महाआयटी’ या आपल्या कंपनीमार्फत अंगावर घेतले. एव्हाना दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती कागदावर ‘सेवेसाठी सज्ज’ आहेत.

सज्ज असलेल्या सगळ्याच ठिकाणी सेवा मिळत नाही, हे सरकारच्याच पुढच्या निर्णयांवरून कळते. पहिल्या आराखड्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत तार एकाच सरळ वाटेने गेली होती. रस्तारुंदीकरणात किंवा नळाच्या खोदकामात ती एका जागी तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. वीज गेल्यावर उपकरणे बंद पडत; बॅटऱ्या संपल्या तरी बदलल्या जात नसत. आणि तार ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत येऊन थांबली. डांबरी रस्ता गावच्या वेशीला आणून सोडावा आणि पांदण तशीच चिखलात ठेवावी, तसे हे झाले. पुढची वाट खाजगी कंपन्यांनी काढावी अशी अपेक्षा होती; विरळ वस्ती आणि कमी बिल पाहून त्या फारशा पुढे आल्या नाहीत.

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्र सरकारने सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर केले. नव्या आराखड्यात ग्रामपंचायती वर्तुळाकार जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. देखभालीचा खर्च योजनेतच धरला आहे. पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरांना जोडण्या देण्याचे लक्ष्य आहे आणि त्या देण्या-राखण्याचे काम गावातल्याच तरुण उद्योजकाकडे, भारत संचार निगमाशी उत्पन्न वाटून घेऊन, सोपवायचे आहे. खोदकामाआधी तारेची माहिती देणारे ॲप मार्च २०२३मध्ये आले, तर रस्त्याकडेने तार नेण्याच्या परवानगीचे नवे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू झाले. दिशा बरोबर आहे. पण तार गावात राखणारा माणूस नेमल्याशिवाय यातला एकही कागद जिवंत होणार नाही.

धोरणाची दुसरी अंगेही घरच्या जोडणीला भिडतात. फेब्रुवारी २०१६मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची विकत, असे भेदभावाचे दर लावायला बंदी केली. आंधळगावच्या विणकराचे छोटे दुकान आणि बड्या कंपनीचे दुकान तारेवर एकाच दराने पोचते, ते या निर्णयामुळे. ब्रॉडबँडची व्याख्या जानेवारी २०२३मध्ये दोन मेगाबिटवर नेली गेली. चार माणसांच्या घरात एकाचा वर्ग, दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल आणि तिसऱ्याचा अर्ज एकदम चालू असेल तर हा वेग तोकडाच आहे. बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आजही आहे. ज्या जोडणीशिवाय सरकारी काम होत नाही, तिच्यावर एवढा कर का, याचे समाधानकारक उत्तर नाही.

इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या. फिनलंडने १ जुलै २०१०पासून प्रत्येक घराला एक मेगाबिट जोडणी मिळणे हा कायदेशीर हक्क केला. इंग्लंडमध्ये लँकेशरच्या शेतकऱ्यांनी कंपन्यांची वाट न पाहता आपल्याच शेतांतून चर खणून सामुदायिक जाळे उभारले. केरळने जून २०२३मध्ये स्वतःचे ‘केफॉन’ जाळे सुरू केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ठरवले; त्याआधी २०१९मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानली होती. साखर, दूध आणि पतपेढ्या सहकाराने चालवून दाखवलेल्या महाराष्ट्रात गावाच्या तारेसाठी सहकारी संस्था हा विचार अजून गांभीर्याने झालेला नाही. विणकरांच्या संस्था, सेवा सहकारी सोसायट्या आणि महिला बचत गट यांचे जाळे जिथे आहे, तिथे हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

तीस वर्षांचा हिशेब एवढाच की सरकारने नेहमी पोचलेली तार मोजली, चाललेली सेवा मोजली नाही. किलोमीटर, ग्रामपंचायती आणि जोडण्या यांच्या आकड्यांनी अहवाल भरतात; वर्षातले किती दिवस जोडणी बंद होती, याचा आकडा गावाला कोणी सांगत नाही. मोजमाप बदलले तरच काम बदलेल, आणि ते बदलायला लावण्याचे साधन गावाच्या हातात आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आंधळगावच्या आणि प्रत्येक गावच्या वाचकांनी तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत: ग्रामपंचायतीतली तार गेल्या वर्षात किती दिवस चालू होती, तिच्यावरून किती घरांना जोडणी मिळाली, आणि ती तुटली तर दुरुस्त करणाऱ्याचे नाव काय?