वचनाची मुदत

परदेशातून येऊन ब्रिटिश विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यास पदवीनंतर काही काळ तेथे राहून काम करता यावे, यासाठी जुलै २०२१ पासून 'ग्रॅज्युएट रूट' नावाचा व्हिसा दिला जातो. त्याची मुदत दोन वर्षांची. ती अठरा महिन्यांवर आणण्याचा निर्णय ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केला, आणि पुढे १ जानेवारी २०२७ रोजी वा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना तो लागू राहील असे ठरविले. पीएच. डी. झालेल्यांची तीन वर्षांची मुदत मात्र कायम ठेवण्यात आली. सहा महिन्यांच्या या काटछाटीत ओरड करण्यासारखे काय आहे, असे वरवर पाहणारास वाटेल. परंतु हा प्रश्न महिन्यांच्या बेरीज-वजाबाकीचा नाही. एखाद्या शासनाने आपल्या संस्थांचा माल खपविण्यासाठी दिलेले वचन, ग्राहकाने पैसे मोजल्यानंतर, एकतर्फी बदलावे काय, आणि त्या बदलाची झळ कोणी सोसावी, असा तो प्रश्न आहे.

या व्हिसाच्या पात्रतेच्या अटी प्रथम समजून घेतल्या पाहिजेत. विद्यार्थी-व्हिसावर येऊन मान्यताप्राप्त संस्थेतून पदवी यशस्वीपणे पुरी केलेली असावी, त्या संस्थेने तसे गृहखात्यास कळविलेले असावे, आणि अर्जाच्या वेळी विद्यार्थी ब्रिटनमध्येच असावा. वर्षभरात शासकीय शिष्यवृत्तीतून फी व राहण्याचा खर्च दोन्ही मिळाले असतील, तर ती देणाऱ्याचे लेखी संमतिपत्र लागते. कोणा मालकाची हमी लागत नाही, किमान पगाराची अट नाही, आणि काम कोणते करावे यावर जवळजवळ बंधन नाही. मालकाच्या मर्जीवर निवास अवलंबून नसणे, हे या व्हिसाचे खरे मोल आहे. ज्या मजुराचा देशात राहण्याचा हक्क मालकाच्या हाती असतो तो मजूर वेतनासाठी भांडू शकत नाही, हे कामगार चळवळीला शिकवावे लागत नाही. मात्र हा व्हिसा एकदाच मिळतो आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही. मुदत संपली की एक तर मालकाच्या हमीवर मिळणारा कुशल कामगाराचा व्हिसा घ्यावा, नाहीतर देश सोडावा.

या दुसऱ्या दाराचा उंबरठाही याच काळात उंचावला गेला. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारा सर्वसाधारण किमान वार्षिक पगार एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेण्यात आला आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. नवख्यांसाठी सवलतीची मर्यादा आहे खरी, पण तीही आता ३३,४०० पौंडांची आहे. म्हणजे एकीकडे जिना उंच केला आणि दुसरीकडे तो चढण्यासाठी दिलेला वेळ कमी केला.

हा लपंडाव नवा नाही. २००८ साली दोन वर्षांचा अभ्यासोत्तर काम-परवाना सुरू केला तो मजूर पक्षाच्या राजवटीने. हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील संयुक्त सरकारने, थेरेसा मे गृहमंत्री असताना, एप्रिल २०१२ पासून तो बंद केला. त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमधील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. विद्यापीठांनी हाकाटी केल्यावर त्याच हुजूर पक्षाने सप्टेंबर २०१९ मध्ये परवाना परत आणण्याची घोषणा केली आणि २०२१ साली तो आणला. आता मजूर पक्ष त्याला कात्री लावीत आहे. वीस वर्षांच्या आत एका पक्षाने दिले, दुसऱ्याने काढले, काढणाऱ्याने परत दिले आणि मुळात देणाऱ्याने कापले! यात डावे-उजवे असा कोणताही तात्त्विक भेद शोधणे व्यर्थ आहे. विद्यापीठांची तिजोरी रिकामी होऊ लागली की दार उघडायचे आणि निवडणुकीत स्थलांतराचा बागुलबुवा उभा राहिला की ते ढकलायचे, एवढेच त्यातले सूत्र आहे.

तिजोरीचा हा संबंध नीट ध्यानात घेतला पाहिजे. १९७९ साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ठरविले की, पुढील वर्षापासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करावा. त्या दिवसापासून उच्च शिक्षण ही निर्यातीची वस्तू बनली. पुढे इंग्लंडमधील स्वदेशी विद्यार्थ्याची वार्षिक फी २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठविली गेली आणि ती प्रथम हलली २०२५ साली, तीही ९,५३५ पर्यंतच. महागाई वाढत राहिली, शासनाचे अनुदान आटत गेले, आणि ही तूट भरून काढण्याचे काम परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर येऊन पडले, कारण तिला कमाल मर्यादाच नाही. २०१९ साली ब्रिटिश शासनाने २०३० पर्यंत सहा लाख परदेशी विद्यार्थी आणण्याचे लक्ष्य ठरविले होते. ते एक-दोन वर्षांतच गाठले गेले. २०२२-२३ मध्ये भारताने या यादीत चीनलाही मागे टाकले. हे विद्यार्थी केवळ ज्ञानाच्या ओढीने आले असे कोणी म्हणणार नाही. पदवीसोबत दोन वर्षांच्या कमाईची संधी मिळते म्हणून ते आले, आणि ती संधी मिळते अशी जाहिरात करूनच त्यांना आणले गेले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पदवी आणि काम-परवाना ही एकाच किमतीत विकलेली जोड-वस्तू आहे. त्यातील अर्धी वस्तू मागाहून लहान करणे हा स्थलांतर-धोरणाचा भाग म्हणता येईल. बाजारपेठेत मात्र त्याला मापात पाप म्हणतात.

ही किंमत कोण देतो? पुण्या-मुंबईचा, नाशिक-औरंगाबादचा जो मुलगा वा मुलगी एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी लंडन-लीड्सला जाते, तिचे आईबाप बहुधा शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार किंवा दहा-बारा एकरांचे शेतकरी असतात. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला सर्वसाधारणपणे तारण लागते. तारण म्हणजे राहते घर, नाहीतर जमीन. समजा, कर्ज तीस लाखांचे आणि व्याज दहा टक्के. वर्षाला तीन लाख, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार रुपये नुसते व्याजच होते. मायदेशी परतून पस्तीस-चाळीस हजारांची पहिली नोकरी धरणाऱ्याने ते कोठून फेडावे? ते पौंडांतील पगारातूनच फिटायचे असते. आता बँकांची पद्धत पाहा. आपल्याकडील शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. काम-परवाना दोन वर्षांचा असताना हप्ते सुरू झाल्यापासून बारा महिने ते पौंडांतून देता येत होते. परवाना अठरा महिन्यांचा झाला की उरतात सहा. मुदत कापली गेली ती एक चतुर्थांश; कर्जदार कुटुंबाच्या हिशेबात ती निम्मी झाली. त्यातच पहिले काही महिने नोकरी शोधण्यात जातात. ज्यांना श्वेतपत्रिकेत सहा महिने किरकोळ वाटले, त्यांच्यासमोर हा हिशेब कोणी ठेवला नसावा.

आणि बदल लागू करण्याची तारीख पाहिली म्हणजे त्यातील अन्याय अधिकच उघडा पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांचा परवाना समोर दिसत होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रिटिश शासनाच्याच स्थलांतर सल्लागार समितीने हा मार्ग आहे तसा ठेवावा असा अहवाल दिला होता; व्यापक गैरवापराचा पुरावा आढळत नाही, असेही नमूद केले होते. त्या भरवशावर त्याने पैसे भरले. तो पदवी घेऊन बाहेर पडेल २०२७ च्या उन्हाळ्यात. आणि त्याला मिळतील अठरा महिने. प्रवेशाच्या तारखेस जे नियम होते ते त्याला लागू ठेवावेत, एवढी साधी न्यायबुद्धी दाखविली गेली नाही. किमतीत मात्र घट नाही. २०२१ साली या व्हिसाचे शुल्क ७०० पौंड होते. २०२५ पर्यंत ते ८८० झाले. आरोग्यसेवेचा वार्षिक अधिभार ६२४ वरून फेब्रुवारी २०२४ मध्ये १,०३५ पौंड झाला. शिवाय, ऑगस्ट २०२८ पासून इंग्लंडमधील विद्यापीठांवर दर परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला ९२५ पौंडांचा आकार बसवून त्यातून तेथील गरीब विद्यार्थ्यांना निर्वाह-अनुदान देण्याचे नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात योजिले गेले. हा आकार विद्यापीठे अखेर कोणाच्या फीत घालतील हे सांगायला नको. ब्रिटनमधील गरिबाच्या मुलाला अनुदान मिळावे याबद्दल कोणताही समाजवादी आनंदच मानील. परंतु ते तेथील धनिकांवर कर बसवून न देता लातूरच्या गहाण पडलेल्या जमिनीतून द्यावे, हा मजूर पक्षाचा समाजवाद अजब आहे.

या निर्णयाच्या बाजूने जे म्हटले जाते त्यालाही उत्तर दिले पाहिजे. आपल्या देशात कोणी किती काळ राहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, हे मान्यच आहे. परदेशी पदवीधर हलक्या पगाराच्या कामांत शिरतात व त्यामुळे स्थानिक मजुरी दबते, ही तेथील कामगारांची भीतीही खोटी म्हणून झटकून टाकता येणार नाही. सुरुवातीच्या काळात यांतील अनेकजण कमी वेतनाच्या कामांत असतात, हे सल्लागार समितीनेही नोंदविले आहे. परंतु मुदत आखूड केल्याने ही अडचण सुटत नाही, ती वाढते. ज्याच्यापाशी वेळ कमी आणि डोक्यावर कर्ज, तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर घेतो. मजुरी सावरायची असेल तर किमान वेतनाची कसोशीने अंमलबजावणी करावी आणि या तरुणांना कामगार संघटनांत सामावून घ्यावे. जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांनी फळबागांत आणि कारखान्यांत राबून आपले शिक्षण पुरे केले. अंगमेहनतीचे काम ही लाजेची गोष्ट नाही. त्या कामाचा दाम आणि हक्क नाकारणे ही लाजेची गोष्ट आहे.

दोष केवळ लंडनचा नाही. नोकरीसाठी परदेशी माणसे पाठविणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. पण विद्यार्थ्यांची भरती करणारा दलाल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तो विद्यार्थ्याचा सल्लागार म्हणून मिरवतो आणि दर प्रवेशामागे दलाली घेतो ती परदेशी विद्यापीठाकडून. अशा दलालांची नोंदणी सक्तीची करावी, अशी शिफारस ब्रिटिश समितीने केली. आपल्या शासनाला तेवढेही सुचू नये? जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या पदव्यांना मान्यता देण्याचा करार केला. जुलै २०२५ मध्ये व्यापार-करारावर सह्या झाल्या. त्याच्या जोडीला, भारतीय कंपन्यांनी तात्पुरत्या धाडलेल्या नोकरांना तीन वर्षे तेथील सामाजिक विम्याच्या वर्गणीतून सूट देण्याचेही ठरले. कंपनीच्या नोकरासाठी तीन वर्षांची तरतूद मागणाऱ्यांना कर्ज काढून गेलेल्या विद्यार्थ्याच्या सहा महिन्यांची आठवण करून देणारा कोणी भेटला नाही काय? २०२३-२४ या एका वर्षात केवळ उदारीकृत प्रेषण योजनेखाली शिक्षणासाठी भारतातून जवळपास साडेतीन अब्ज डॉलर बाहेर गेले. दादाभाई नौरोजींनी ज्या निःसारणाचा हिशेब मांडला ते परकीय सत्तेने लादलेले होते. हे नवे निःसारण स्वखुशीचे आहे असे म्हणतात. पण महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे राबविली जातात, आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याची कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस २०२० च्या धोरणात पुन्हा नुसती लिहून काढली जाते. मग ती खुशी कितपत खरी?

परदेशी शिकून मुलांनी परत यावे आणि समाजाच्या कामी यावे, असा आग्रह काही ज्येष्ठ मंडळी धरतात. हा आग्रह योग्यच आहे. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकर परत आले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकून, सावकारी कर्जावर नव्हे. शिष्यवृत्तीने समाजाचे ऋण निर्माण होते आणि ते सेवेने फिटते. बँकेचे ऋण सेवेने फिटत नाही. याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा दिली. स्वतःची बचत आणि राजर्षी शाहू छत्रपतींचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. विद्यापीठाचा शब्द तसाच उभा होता. १९२१ साली त्यांनी एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. पदवी मिळविली. साम्राज्याच्या राजधानीतील एका संस्थेने पराधीन देशातील एका अस्पृश्य विद्यार्थ्याला दिलेला शब्द पाळला होता.

शंभर वर्षांनंतर स्वतंत्र भारतातील विद्यार्थ्यांसाठी त्याहून अधिक काही मागण्याची गरज नाही. ज्या अटींवर प्रवेश दिला त्या अटी पदवी हाती पडून परवान्याची मुदत संपेपर्यंत पाळाव्यात. नवा नियम करावयाचा तर तो नव्याने येणाऱ्यांसाठी करावा. भारत शासनाने हीच मागणी लंडनपुढे ठेवावी, विद्यार्थी-दलालांना कायद्याखाली आणावे, आणि परवान्याच्या मुदती बदलतील तेव्हा बँकांना हप्त्यांच्या मुदतीही बदलावयास लावाव्यात. यापैकी एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. दिलेला शब्द पाळणे एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि तेवढेही न करणाऱ्या राज्यकर्त्यांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, तरुणांना प्रामाणिकपणाचे धडे देऊ नयेत.