तिचं विसरणं कोण ओळखणार?

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा स्त्री संघटनांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या शरीराचा निर्णय इतरांनी परस्पर का घ्यायचा, हा आपला सवाल होता. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. त्या काळात शाळेत जाऊ लागलेली ही पिढी आज पन्नाशीत आहे. तिच्या म्हातारपणाबद्दल मात्र आपण गप्प आहोत.

डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र जादा असतं. अल्झायमरशी निगडित प्रथिनाचं जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीतच मेंदूत बदल होतात आणि पन्नाशीच्या सुमारास स्मृतिभ्रंश दिसू लागतो. सुरुवात विसरण्यानेच होते असं नाही. जिना उतरायला भीती वाटते, वेणी घालता येईनाशी होते, ती अबोल किंवा हट्टी होते, कधी उतारवयात प्रथमच फिट येते. घरचे म्हणतात, "ती मुळातच तशी." डॉक्टरही कित्येकदा तेच म्हणतात. तारीख आणि वजाबाकी विचारणारी नेहमीची चाचणी इथे निरुपयोगी, कारण हे तिला पूर्वीही येत नसेल. तुलना करायची ती कालच्या तिच्याशीच.

आणि कालची ती कोणाला ठाऊक असते? आईला. आई गेली की मुलगी बहिणीकडे, वहिनीकडे किंवा संस्थेत जाते आणि तिला काय काय येत होतं याची माहिती आईबरोबरच संपते. सांभाळणारी बाई बदलते, सांभाळणं बाईकडेच राहतं.

म्हणून पस्तिशीतच एक वही घाला. चहा करते का, कोणाकोणाची नावं घेते, संडास-आंघोळ स्वतः करते का, हे लिहा. दरवर्षी ताडून पाहा. कार्यशाळेतल्या ताईंनाही विचारा. बदल दिसला तर लगेच स्मृतिभ्रंशाचा शिक्का नको. आधी थायरॉइड, बी-१२, कान, डोळे तपासून घ्या. आई गेल्याचं दुःखही माणसाला असं मिटवून टाकतं. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. स्मृतिभ्रंशच निघाला, तरी तिला ओरडा खावा लागणार नाही आणि सांभाळणारीला मदत मागता येईल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमतेला मान्यता दिली आहे. दिव्यांग तपासणी शिबिरांत या वहीची आणि वार्षिक तपासणीची मागणी आपण लावून धरली पाहिजे. १९९४ चा सवाल अजून संपलेला नाही.