सात बाभळी, आठ हजार रुपये

गेल्या आठवड्यात गावाकडून पुतण्याचा फोन आला. "काका, लाकडाचा ठेकेदार आलता. बांधावरच्या सातही बाभळी मागतोय. आठ हजार उक्तं म्हणतोय. देऊन टाकू का?"

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. नोकरी संपल्यापासून मी जालन्यात राहतो, शेत सगळं पुतण्याच बघतो. मला विचारायची त्याला काही गरज नव्हती. पण या बाभळी त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, पंचवीस वर्षांपूर्वी नांगरटीतून वाचवून राखलेल्या. भाऊ आता नाही. पुतण्याच्या मुलीची फी भरायची आहे. म्हणून विचारलं असावं.

मी पटकन म्हणालो, "लूट आहे ही. थांब दोन दिवस."

म्हणालो खरा, पण लूट आहे हे मला कशावरून कळलं? आयुष्यभर मुलांना "रीत लिहिल्याशिवाय उत्तर लिहू नका" असं सांगितलं आणि स्वतः मात्र रीत न करता उत्तर देऊन मोकळा झालो! मग वही घेऊन बसलो आणि नातेवाइकांना फोन सुरू केले. हा लेख म्हणजे त्या दोन दिवसांचा हिशोब आहे.

जालन्याच्या वखारीत बाभळीचं वाळलेलं, फोडलेलं जळण मला किलोला सात रुपये सांगितलं. पुण्याची भाची म्हणाली, सुट्टीत शेकोटीसाठी दहा किलोची पिशवी अडीचशेला आणली. म्हणजे पंचवीस रुपये किलो! चिपळूणच्या मेहुणीनं किलोचा भाव सांगितलाच नाही. तिच्याकडे पावसाळ्याआधी टेम्पोभर लाकूड येतं, त्याचे पैसे टेम्पोवर. मिशिगनचा भाचा म्हणाला, मामा, इथं 'कॉर्ड' असतो. आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशी रचलेली थप्पी, म्हणजे १२८ घनफूट. वजनाचा संबंधच नाही.

गंमत बघा, जसं माप तशी फसवणूक. वजनावर विकलं की ओलं लाकूड खपवतात, कारण ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी भरपूर असतं आणि गिऱ्हाईक त्या पाण्याचेही पैसे देतं. थप्पीवर विकलं की मध्ये पोकळी ठेवून रचतात. मोळीवर विकलं की बाहेर जाड फाटी आणि आत काड्या. आणि उक्तं विकलं की ज्याची नजर तयार त्याचा फायदा.

भावात एवढा फरक का, याचाही थोडा विचार केला. आमच्या जिल्ह्यात जंगल नावालाच, क्षेत्रफळाच्या एक टक्क्याच्या आसपास. त्यामुळे इथलं जळण म्हणजे बांधावरची बाभूळ, नाल्याकाठची वेडी बाभूळ, बाकी पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. तिकडे विदर्भात, जुन्या मध्य प्रांतातल्या गावांना निस्ताराच्या हक्काची परंपरा आहे. वन विभागाच्या आगारात जळाऊ बीट रचून ठेवलेले असतात. कोकणात झाडाला तोटा नाही, पण उतारावरून लाकूड खाली आणायची मजुरी आणि जूनच्या आत ते वाळवून छपराखाली घ्यायची घाई, हे सगळं किमतीत येतं. मे महिन्याच्या अखेरीला तिथं जे लाकूड महाग, तेच दिवाळीनंतर स्वस्त. थोडक्यात, लाकडाचा भाव हा फार करून लाकडाचा नसतोच. तो कुऱ्हाडीचा, चाकाचा आणि कोरड्या जागेचा असतो.

आता आपल्या सात बाभळींकडे येऊ. उभ्या झाडाचं वजन कोण सांगणार? पण मागच्या वादळात एक तशीच बाभूळ पडली होती आणि पुतण्यानं ती काट्यावर नेली होती. ओली सहा क्विंटल भरली. म्हणजे साताची बेचाळीस क्विंटल. वाळल्यावर त्यातून अठ्ठावीस राहतील असं वखारवाल्यानंच सांगितलं. सात रुपयांनी अठ्ठावीस क्विंटलचे १९,६०० रुपये झाले.

बघा, आठ हजारांचे साडेएकोणीस हजार! लूटच की. पण पुढं लिहा. तोडायला आणि फोडायला चार माणसं तीन दिवस, सहाशे रुपये रोजानं ७,२००. ट्रॅक्टरच्या दोन खेपा, ३,०००. उरले ९,४००. त्यातून झाडांचे आठ हजार गेले की ठेकेदाराला राहतात चौदाशे रुपये. त्यात त्यानं चार महिने लाकूड वाळवायचं, जागेचं भाडं भरायचं आणि उधारी सोसायची.

म्हणजे ज्याला मी फोनवर लुटारू म्हणालो तो बिचारा चौदाशे रुपयांचा धनी. आणि ती चार माणसं? बाभूळ फोडणं काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. वडिलांच्या हाताखाली मीही फोडली आहे. ओली असते तोवरच फोडून घ्यावी, वाळली की कुऱ्हाड उडवून लावते. गाठ टाळायची, असलेल्या चिरेत पाचर बसवायची आणि घण घालायचा. चिंचेचं लाकूड तर आतून पीळ घातल्यासारखं, ते चिरेनं जातच नाही. संध्याकाळी हाताचे फोड मोजत बसायचो. त्या कामाला सहाशे रुपये जास्त आहेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग स्वस्त कोण राहिलं? झाड. आठ हजार भागिले सात, म्हणजे एका झाडाचे साधारण अकराशे चाळीस. भागिले पंचवीस वर्षं. वर्षाला पंचेचाळीस रुपये. त्यात सावली, शेळ्यांना शेंगा, बांधाची धरलेली माती आणि सुगरणीची घरटी फुकट.

दुसरा हिशोब त्याहून चटका लावणारा निघाला. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एका किलो गॅसची उष्णता अकरा हजार किलोकॅलरीच्या आसपास, वाळल्या लाकडाची चार हजार किंवा थोडी वर. पण साध्या चुलीत शंभरातली दहा-पंधराच भांड्याला लागते, बाकी धूर आणि भिंती खातात. गॅसच्या शेगडीत साठच्या आसपास लागते. हे मांडलं तर एक सिलिंडर म्हणजे अंदाजे दोन क्विंटल लाकूड. सात रुपयांनी त्याचे चौदाशे होतात! एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर पन्नास रुपयांनी वाढला तेव्हा आपण किती ओरडलो, तरी तो हजाराच्या आत होता.

म्हणजे विकत घेतलं तर लाकूड गॅसपेक्षा महाग पडतं. तरी "चूल स्वस्त" असं आपण का म्हणतो? कारण खेड्यातलं बरंचसं जळण विकत घेतलेलंच नसतं. ते बाईनं डोक्यावरून आणलेलं असतं आणि तिच्या मजुरीच्या रकान्यात आपण शून्य लिहितो. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, आमच्या गावातही घरोघर शेगड्या आल्या. पण सिलिंडर एकदम घ्यावा लागतो आणि मोळी वीस-तीस रुपयांची मिळते. रोजंदारीवर जगणाऱ्याला एकदम तेवढे पैसे काढणं जमत नाही, म्हणून तो थोडं थोडं करून जास्त पैसे मोजतो. गरिबाला स्वस्त वस्तूही महाग पडते ती अशी. माझं ठाम मत आहे की सरपणाचा भाव ज्याला समजून घ्यायचा असेल त्यानं आधी हे शून्य खोडावं.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आजवर घरातही बोललो नव्हतो.

साल २०१३. आदल्या वर्षी पाऊस गेला होता. जालना, अंबड, घनसावंगी भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. ७२ चा दुष्काळ मी एकविसाव्या वर्षी पाहिला होता. तेव्हा धान्य नव्हतं, या वेळी पाणीच नव्हतं. लोक टँकर आणून झाडं जगवत होते, मग पैसे संपले की बागेला कुऱ्हाड लावत होते. मोसंबी लावल्यापासून पाच-सहा वर्षं नुसतं सांभाळायचं, मग कुठं फळ. ती झाडं ट्रॉलीत भरून जळण म्हणून बाजारात येत होती. इतकं लाकूड आलं की भाव पडला.

आमच्याकडे तेव्हा पाणी तापवायला बंब होता. दारात एक ट्रॉली आली. मोसंबीचं लाकूड कठीण, निखारा छान धरतं, हे मला ठाऊक होतं. मी घासाघीस केली आणि ट्रॉलीमागे दोनशे रुपये कमी करून घेतले. लाकूड उतरवून झाल्यावर त्या माणसानं तोंडावरचं उपरणं काढलं आणि वाकून नमस्कार केला. माझा विद्यार्थी. मी म्हणालो, "अरे, आधी नाही का सांगायचं?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही भाव करत होता, मधी कसं बोलू?" बाग त्याची स्वतःचीच होती. दोनशे रुपये परत द्यायला लागलो तर घेतले नाहीत. चहा तेवढा प्याला.

ते लाकूड वर्षभर पुरलं. रोज बंबात घालताना मला कसंतरी व्हायचं. स्वस्त मिळालं याचा आनंद झाला होता ना, त्याचीच लाज वाटायची. तेव्हापासून एक कळलं. आमच्या भागात सरपण स्वस्त झालं की समजावं, कुणाचं तरी काहीतरी मेलंय.

तर पुतण्याला मी काय सांगितलं? आधी सांगितलं की ठेकेदाराला लुटारू म्हणालो ती माझी चूक. मग म्हणालो, विकायचंच तर उक्तं देऊ नकोस, काट्यावर वजन करून दे, त्यात वादाला जागा राहत नाही. सातही पाडू नकोस. कडेच्या दोन-तीन दे, बाकीच्यांच्या फांद्या दरसाल छाटत जा, घरचं जळण त्यातच भागेल. आणि पाडशील तितक्या पावसाळ्यात लाव. फीला कमी पडेल ते माझ्या पेन्शनीतून घे, परत कधी करायचे ते तुझं तू बघ.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही शहरात बसून झाडं वाचवता, बाभळीखाली तीन-चार ओळी कापूस येत नाही तो मला दिसतो." तेही खरंच आहे. हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

काल त्याचा परत फोन आला. तीन दिल्या, वजनावर. चार ठेवल्या. पैसे माझ्याकडून घेतलेच नाहीत, म्हणाला लागले तर सांगेन. ठेवलेल्या चारांत विहिरीजवळची मोठी आहे, जिच्याखाली भाऊ दुपारी भाकरी खायला बसायचा. ती मुद्दाम ठेवली की ठेकेदाराला तिथवर ट्रॅक्टर नेता आला नाही, हे मी विचारलं नाही.

असो. तुमच्याकडे सरपण कशावर विकतात, मणावर, मोळीवर की गाडीवर, आणि काय भावानं, ते जरूर कळवा. वही अजून मिटलेली नाही.