करेजच्या आतून नको, वरून चालू द्या

मा. जिल्हाधिकारी, बिदर आणि राज्य पुरातत्त्व खात्याचे अधिकारी यांस,

बिदरजवळच्या नौबादच्या करेजचं, म्हणजे पाणी वाहून आणणाऱ्या जुन्या भुयाराचं, पर्यटनस्थळ करावं, अशी भाषा अधूनमधून होते. माझं म्हणणं एवढंच की लोकांना आत उतरवू नका.

बोगद्यातून माणसं चालवता येतात, हे खरं. इंग्लंडमध्ये बाथ शहरालगत कोम डाउनचा रेल्वे बोगदा १९६६ साली बंद पडला आणि २०१३ साली चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना खुला झाला. दीड किलोमीटरहून लांब, आत दिवे, संगीतसुद्धा! हेवा वाटतो. पण आपल्याकडे रिकामा बोगदा आहे कुठे? कमलापूरजवळ मरगुत्तीचा आहे, त्यातून २०१७ पासून बिदर-कलबुर्गी गाड्या धावतात. उरली करेज, आणि तिची जातच वेगळी. रेल्वेचा बोगदा कोरडा राहावा म्हणून धडपडतात. करेज ओली राहावी म्हणूनच खणली.

पंधराव्या शतकात बहामनींनी इराणी विद्या आणून हे काम केलं. आपल्या पठारावरचा जांभा पावसाचं पाणी पितो, खालच्या काळ्या पाषाणापाशी ते अडतं आणि या दोन किलोमीटरहून लांब भुयारातून आपल्या उताराने वाहतं. ना मोट, ना मोटर. माती उपसायला आणि हवा खेळायला वर वीसेक उभ्या विहिरी. २०१५च्या सुमारास प्रशासनाने गाळ काढायला घेतला, त्याबद्दल आभार. पुढच्याच वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हेही ध्यानात असू द्या.

भुयारात चालायची हौस आम्हाला नाही असं नाही. बिदरच्या झरणी नरसिंहाच्या गुहेत आम्ही छातीभर पाण्यातून, डोक्यावर वटवाघळं घेऊन देवापर्यंत जातोच. ती हौस तिथे फिटते.

नौबादला वाट हवी ती जमिनीवर. एका विहिरीपासून दुसरीपर्यंत चालत वा सायकलने गेलं, की खालचं भुयार कसं वळतं ते पायांनाच कळेल. वाट मुरुमाची करा. काँक्रीट ओताल तर जांभ्याचं तोंडच बांधाल. पाट्या कन्नड, उर्दू, मराठी तिन्ही भाषांत लावा. पाणी पिताना कुणी भाषा विचारली नव्हती. आणखी एक फायदा आहे. जिथे रोज माणसं फिरतात, तिथे राडारोडा टाकायला आणि गुपचूप प्लॉट पाडायला हात धजत नाही. कुंपणापेक्षा हे स्वस्त.

मात्र आधी करेजची रेघ महसुली नकाशावर आखून घ्या आणि तिच्या आसपास नव्या बोअरला परवानगी देऊ नका. पाणीच आटलं, तर वाट कशाच्या वरून जाणार?

हे सगळं व्हायला वेळ लागेल, मान्य आहे. पण विहिरींच्या तोंडांवर जाळ्या बसवायला फार वेळ लागणार नाही. येत्या पावसाळ्याआधी तेवढ्या बसवा.

आपला,
भालकी तालुक्यातील एक रहिवासी